कप्तानाच्या मागावर निघताना

प्रिय विद्यार्थिमित्रा,

सप्रेम आशीर्वाद. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश व्यापारी कप्तानाची कारकीर्द लावायला घेतो आहेस, तर त्याच्या नावावर भिस्त ठेवू नकोस. जॉन स्मिथ ढिगाने सापडतील. धरून चालायचे ते दोन क्रमांक: एक प्रमाणपत्राचा, दुसरा जहाजाचा.

१८५०च्या कायद्याने परदेशी फेऱ्यांवरच्या कप्तानांना आणि मेटांना (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना) प्रमाणपत्र सक्तीचे झाले. परीक्षा देऊन मिळे ते पात्रतेचे. आधीपासून कामावर असलेल्यांना अनुभवावर मिळाले ते सेवेचे. सेकंड मेटच्या परीक्षेला वय १७ आणि समुद्रावरची ४ वर्षे लागत, कप्तानाच्या परीक्षेला वय २१ आणि ६ वर्षे. ही वर्षे दाखवावी लागत, म्हणूनच परीक्षेच्या अर्जात आधीची जहाजे तारखांसह मिळतात. हे अर्ज ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. आधी तेच मागव.

जहाजाचे नाव बदलते. १८५५पासून दिलेला अधिकृत क्रमांक मात्र बदलत नाही. त्यावरून खलाशांचे करारनामे शोध. १८६३ नंतरचे सुमारे ७० टक्के न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. १८६५, १८७५ अशी पाचाने संपणारी वर्षे बहुतांशी ग्रिनिचला. त्यांत खलाशांचा पगार असतो, कप्तानाचा बहुधा नसतो. जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से पडत. त्यांतले काही कप्तानाकडे होते का, ते नोंदणीच्या वहीत बघ.

लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या वार्षिक यादीतले कप्तानाचे नाव पुष्कळदा शिळे असते. लॉगबुकातली, म्हणजे जहाजाच्या रोजच्या नोंदवहीतली, तारीख तर फारच फसवी. व्यापारी जहाजांवर सागरी दिवस दुपारी बारापासून मोजायची रीत बराच काळ टिकली, आणि तो किनाऱ्यावरच्या दिवसाच्या १२ तास पुढे धावे. ४ जूनच्या दुपारी तीनला मुंबईचा किनारा दिसला, तर वहीत पडे ५ जून. मग मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या आगमनाशी मेळ बसत नाही, आणि घाईत एक कागद खोटा ठरतो.

रेखांशाची चूक दिसली तर कप्तानाला लगेच अडाणी म्हणू नकोस. क्रोनोमीटर, म्हणजे रेखांश काढायचे जहाजावरचे अचूक घड्याळ, ४ सेकंद चुकला की रेखांश १ मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकतो. रोजचा एकच सेकंद हिशेबाबाहेर राहिला तर ६० दिवसांत १५ मिनिटे, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १४ सागरी मैल! कुलाब्याची वेधशाळा १८२६ला उभी राहिली ती जहाजांना अचूक वेळ देण्यासाठीही. जमीन दिसली त्या दिवशीची नोंद नकाशाशी ताडून बघ. घड्याळ किती सरकले होते ते तिथे कळते.

सरकारी लॉगबुक हे वेगळेच: त्यात दंड, आजार, पळालेले खलाशी, मृत्यू. बऱ्याच वह्या नष्ट झाल्या आणि जपल्या गेल्या त्या मुख्यतः जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेल्या. त्यामुळे उरलेल्या कागदांत प्रत्येक कप्तान जरा जास्तच दुर्दैवी दिसतो.

अर्जाची प्रत आली की पहिल्या जहाजाचे नाव, बंदर आणि वर्ष कळव. पुढचा कागद कुठे मागायचा ते त्यावरून ठरवू.

कळावे.