फोटोतली माणसं कोण? जुन्या अल्बम-दप्तरांबद्दल तुमचे प्रश्न

घरातल्या, गावातल्या जुन्या फोटो-कागदांबद्दल काही अडत असेल तर विचारा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि ढिगानं प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत. जे बऱ्याच जणांना उपयोगी पडतील ते निवडलेत.

प्रश्न : ताई, आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत एक फोटो स्टुडिओ होता, पन्नासेक वर्षं चालला. मालक वारले, मुलगा नोकरीला बाहेर, तो आता गाळा विकतोय. माळ्यावर खोकीच्या खोकी निगेटिव्ह आहेत, काही काचेच्या पण आहेत. भंगारवाला बघून गेलाय. आम्ही तीन-चार मित्र आहोत, त्यातलं काय आणि कसं वाचवायचं? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : सगळ्यात आधी वही शोधा. निगेटिव्ह नंतर. जुन्या स्टुडिओत एक रजिस्टर असायचं, नंबर, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, साइज, किती कॉप्या, ॲडव्हान्स किती, आणि तोच नंबर निगेटिव्हच्या पाकिटावर किंवा कोपऱ्यात लिहिलेला असायचा. ती वही मिळाली तर तुमच्या हाती अख्ख्या गावाची पन्नास वर्षं आली म्हणून समजा, आणि नाही मिळाली तर हजारो अनोळखी चेहरे. भंगारवाल्याला निगेटिव्हमधल्या चांदीत इंटरेस्ट असतो, वही तो रद्दीत टाकतो, त्यामुळे आधी ती उचला, बिलबुकं उचला, भिंतीवरचा रेटबोर्ड पण उचला.

मग खोकी. जशी आहेत तशीच उतरवा, सॉर्टिंग करत बसू नका. कुठलं खोकं कुठल्या फळीवर होतं त्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि खोक्यांना नंबर द्या, कारण मालकांनी ती ज्या क्रमाने लावली होती तो क्रमसुद्धा माहितीच आहे, बहुतेक वेळा वर्षांप्रमाणे लावलेली असतात. काचेच्या प्लेटा आडव्या एकावर एक रचू नका, खालच्या तडकतात. प्रत्येकीला कागदाचं पाकीट करून लांब कडेवर उभ्या ठेवा, आणि खोकं अर्धंच भरा, काच भयंकर जड होते. हात लावायचा तो फक्त कडांना.

फिल्मच्या निगेटिव्हचा वास घ्या, खरंच. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेटची फिल्म कुजायला लागलीय, ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर तिचा. १९५० च्या आधीच्या काही फिल्मा नायट्रेटच्या असतात, त्या चिकट, पिवळ्या-तपकिरी पडतात आणि पेट घ्यायला फार सोप्या असतात. अशा दिसल्या तर पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत बिलकुल ठेवायच्या नाहीत, जाणकाराला दाखवायच्या.

आणि मुलाकडून साध्या कागदावर लिहून घ्या की हे मी या कामासाठी तुमच्या ताब्यात देतोय. फोटोचा कॉपीराइट आजच्या कायद्याने काढणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे मालकांनी स्वतःहून काढलेल्या फोटोंचा तो आत्ता वारसांकडे आहे (गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्यांचा, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाकडे), आणि उद्या प्रदर्शन किंवा पुस्तक करायचं झालं तर ही चिठ्ठी लागेल. शिवाय स्टुडिओत लग्नाला दाखवायचे मुलींचे फोटो असतात, मयताला बसवून घरच्यांनी सोबत काढलेले फोटो असतात, ते सगळं उचलून फेसबुकवर टाकायचं नसतं. जत्रा, शाळा, तालीम, पेठ, पूर, पुढाऱ्यांच्या सभा हे खुशाल दाखवा. बाकीचं त्या त्या घराला विचारून.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. अल्बम तेव्हाच पिशवीत भरून ठेवले होते, आता उघडले तर फोटो एकमेकांना चिकटलेत, आजोबांचा एक फोटो फ्रेमच्या काचेलाच चिकटलाय. पाण्यात भिजवून सुटतात असं ऐकलंय. (चिपळूणहून)

उत्तर : भिजवून सुटतात ते ताजे भिजलेले. फोटोवर जिलेटीनचा थर असतो, पाण्याने तो फुगतो आणि वाळताना समोर जे असेल त्याला धरतो. पूर ओसरल्यावर लगेच स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सोडवायचे आणि चित्र वर करून सावलीत कपड्यावर वाळवायचे हा उपाय आहे, पण तो पहिल्या दोन दिवसांतला, त्यानंतर बुरशी धरते. बुरशीने तो थर खाल्लेला असला की पाण्यात चित्रच सुटून जातं, तुमचा आता तोच धोका आहे. म्हणून भिजवू नका. वेगळे होतायत तेवढे होऊ द्या, चिकटलेले गठ्ठे ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवून कोरडे करा आणि फोटो-कागद संवर्धन करणाऱ्याला दाखवा. काचेला चिकटलेला फोटो तर ओढायचाच नाही, काचेसकट स्कॅन करायचा, छान येतो. बुरशी झटकायची तर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने.

पुढच्या पुरासाठी एक सांगून ठेवते, वाळवायला वेळच नसेल तर ओले फोटो बटरपेपर मध्ये घालून झिपच्या पिशवीत सरळ फ्रीझरमध्ये टाका, तिथे बुरशी थांबते, मग सवडीने बघता येतं. काचेच्या प्लेटा मात्र फ्रीझरमध्ये नकोत. तुमच्याच गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं, २००५ ला भिजलं आणि २०२१ ला परत भिजलं. नदीकाठच्या गावात अल्बमची जागा पलंगाखाली नाही, माळ्यावर.

प्रश्न : वाईजवळ आमचं गाव. जुन्या पेटीत मोडी कागदांचं गाठोडं निघालं. एक जण म्हणतो लॅमिनेट करून घ्या, दुसरा म्हणतो मी विकत घेतो. काय करू?

उत्तर : दोन्ही नको. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लॅस्टिक कागदात कायमचं मुरवणं, ते परत काढता येत नाही आणि आतल्या आत कागद जळत राहतो. हल्ली हा प्रकार फार वाढलाय, २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, आणि लोक घरातला कागद हरवू नये म्हणून आधी लॅमिनेशनवाल्याकडे पळायला लागले. झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटांत दोनशे वर्षांचा कागद बाद होतो. सेलोटेप पण नाही, तिचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. घड्या जबरदस्तीने उलगडू नका, जे सहज उघडतं त्याचे दिवसाच्या उजेडात, सावलीत फोटो काढा, आणि सगळं धुतलेल्या मांजरपाटाच्या कापडात बांधून ठेवा, पूर्वी दप्तरं रुमालात बांधायचे तसंच, त्यात काही चूक नव्हती.

विकत घेणाऱ्याचं म्हणाल तर तो त्यातला शिक्का असलेला, दिसायला देखणा कागद उचलेल आणि बाकीचं तुमच्याकडे ठेवेल. हिशोबाचे चिटोरे, कर्जरोखे, बलुत्याच्या याद्या याला बाजारात किंमत नाही, आणि गावचा इतिहास नेमका त्यातच असतो. तुम्ही तर वाईकडचे! इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यातली पानिपतच्या काळातली पत्रं वाईतच एका घरात मिळाली होती. तुमच्या पेटीत पानिपत असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक शेताच्या बांधाची भांडणं असतील, पण ती तुमच्याच गावची.

वाचून घ्यायचं तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून हेच काम चाललंय. सरकारी पुराभिलेखागारं मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगरला आहेत, धुळ्याला राजवाडे मंडळ आहे. देऊन टाकायचं ठरलंच तर अख्खं गाठोडं एकत्र द्या, पावती घ्या, आणि स्कॅनची एक प्रत आम्हाला द्या असं देतानाच लिहून घ्या. आणि हो, ही पेटी कोणाची, घरात कुठून आली, कुठल्या आडनावाच्या घराण्याशी संबंध, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. मोडी वाचणारा पुढच्या वर्षीही मिळेल.

प्रश्न : वडील गिरणीत साचाखात्यात (विणकामाच्या विभागात) होते. संपाच्या काळातली कात्रणं, हँडबिलं, सभेच्या पावत्या त्यांनी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर खळ लावून चिकटवल्यात. कात्रणं तपकिरी पडून तुटतायत. काढून नवीन वहीत लावू का? (लालबागहून)

उत्तर : काढू नका हो! ती वही म्हणजे नुसती कात्रणं नाहीत, तुमच्या वडिलांनी काय जपण्यासारखं मानलं त्याची ती नोंद आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यावर पेपरात काय छापलं ते लायब्ररीत जुन्या फायलींत मिळेल, पण कुठल्या बातमीशेजारी त्यांनी कुठलं हँडबिल लावलं, मार्जिनमध्ये पेनाने काय लिहिलं, कुठल्या महिन्यापासून पानं कोरी राहिली, हे दुसरीकडे कुठेच नाही.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि आम्लाने कुरकुरीत होतो, ते थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून प्रत्येक पान पूर्ण, कडांसकट स्कॅन करा किंवा वरून सरळ फोटो काढा, घडी घातलेलं काही असेल तर बंद आणि उघडं असे दोन. मग पानांच्या मध्ये ॲसिड-फ्री कागद घाला, तो महाग वाटला तर निदान जास्त खराब पानांत तरी घाला, आणि वही आडवी, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. खळ कसरीला आवडते, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं. कापूर, डांबरगोळ्या कागदाला टेकवून ठेवू नका. वडिलांचं गिरणीतलं तिकीट, गेटपास, पगाराची चिठ्ठी, गावकरी मंडळाच्या खोलीची पावती असं काही असेल तर तेही त्याच पेटीत. लोकांना ते फालतू वाटतं आणि पहिल्यांदा तेच फेकलं जातं.

प्रश्न : १९८५ च्या लग्नाचा चिकट पानांचा अल्बम, फोटो सगळे लालसर झालेत. (पुणे)

उत्तर : त्या काळच्या रंगीत फोटोंतला निळा-हिरवा रंग अंधारात ठेवले तरी आधी उडतो, मग लालच उरतो. स्कॅन करून कॉम्प्युटरवर बराच परत आणता येतो, पण मूळ स्कॅनची फाइल तशीच ठेवा, दुरुस्ती कॉपीवर करा. फोटो चिकट पानावरून काढायला दात साफ करायचा दोरा मागून अलगद सरकवा. नाही निघाला तर सोडून द्या, पानासकट स्कॅन करा. स्कॅन करताना चार-सहा इंची फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे, पासपोर्ट साइजला १२००.

प्रश्न : शाळेच्या शताब्दीसाठी जुने फोटो जमवतोय. व्हॉट्सॲप ग्रुपवर शेकडो आले, पण बहुतेकांवर तारीखच नाही. (माजी विद्यार्थी, नगर जिल्हा)

उत्तर : आधी ग्रुप थांबवा, व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून बारीक होतो, प्रदर्शनाला मोठा केला की दिसतो नुसता चौकोनांचा कोलाज. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा मूळ फोटो आणा म्हणावं आणि शाळेतच एक रविवार स्कॅनर लावून बसा. दोन्ही बाजू स्कॅन करा, मागची बाजू लोक विसरतात.

तारखेचं म्हणाल तर फोटोतच चोर सापडतो. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. मागे पाटीवर ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त, पाट्या काही लोक लगेच बदलत नाहीत. दुकानाच्या फळ्यावर ‘नये पैसे’ असतील तर १९५७ पासून पुढची सात-आठ वर्षं. गाडीचा नंबर ‘एमएच’ आणि पुढे दोन आकडे असा असला तर १९८९ च्या मध्यानंतरचा. एसटी दिसली तर १ जून १९४८ च्या आधी जायचंच नाही, पहिली गाडी तुमच्याच नगरहून पुण्याला सुटली. यातून ‘याच्या आधीचा नाही’ किंवा ‘बहुतेक याच्या नंतरचा नाही’ एवढंच कळतं, नक्की साल नाही, म्हणून कॅप्शनमध्ये ‘१९७२ नंतर’ असंच लिहा, अंदाजाने १९७५ ठोकून देऊ नका, कारण एकदा छापलं की पुढचे सगळे तेच उतरवतात.

आणि सरांचं नाव सगळ्यांना आठवतं, शेवटच्या रांगेतल्या शिपायाचं कोणाला आठवत नाही. मोठी प्रिंट काढून त्यावर बटरपेपर ठेवा, डोक्यांचे गोल काढून नंबर द्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पेन्सिल बांधून दारात ठेवा. दोघांनी दोन वेगळी नावं लिहिली तर दोन्ही ठेवा. मूळ फोटोच्या मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीनेच, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

प्रश्न : मी बाहेरदेशी, आई ८४ वर्षांची, कोकणात. भावाने सगळे अल्बम स्कॅन करून ड्राइव्हवर टाकले. आता काय राहिलं? (टोरंटोहून)

उत्तर : आई राहिली. भावाचं काम चांगलं झालंय, एक कॉपी हार्डडिस्कवर आणि एक तुमच्याकडे टोरंटोला ठेवा, म्हणजे तिन्ही एकदम जाणार नाहीत. पण त्या फायलींची नावं आत्ता स्कॅनरने दिलेल्या आकड्यांची असणार. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईला एका वेळी चार-पाचच फोटो दाखवा, जास्त नाही, थकतात आणि मग ‘असेल कोणीतरी’ म्हणून सोडून देतात. ‘हे कोण’ एवढंच विचारू नका, ही पडवी कोणाची, त्या दिवशी जेवायला काय होतं, फोटो काढायला माणूस कुठून आला होता असं विचारा, त्यातून नावं आपोआप येतात, आणि शेजारच्या काकू असतील तर त्यांनाही बसवा, एकीने चुकीचं सांगितलं की दुसरी लगेच तोडते. कॉल रेकॉर्ड करा, आईला सांगून करा, आणि त्या रेकॉर्डिंगला फोटोचाच नंबर देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवा.