साध्या ॲलर्जीच्या गोळीचीही हृदयावर चाचणी का करतात? ‘क्यूटी वाढतो’ म्हणजे औषध धोक्याचंच का?

औषधांच्या चाचण्यांमधले ईसीजी वाचणं हे माझं काम, म्हणून उत्तर देतो. क्यूटी म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदयाच्या पेशी पुन्हा सावरेपर्यंतचा, ईसीजीवर मोजलेला वेळ.

याचं मोठं कारण टर्फेनाडिन. झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी म्हणून ती प्रचंड खपली. यकृत तिचं जवळजवळ सगळं रूपांतर करून टाकतं, त्यामुळे मूळ औषध रक्तात नावापुरतंच उरतं. पण सोबत किटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतलं, की यकृतातलं ते एन्झाइम अडतं, मूळ औषध साचत जातं आणि टोर्साड द पॉइंट ही जीवघेणी लय सुरू होऊ शकते. १९९८ मध्ये टर्फेनाडिन अमेरिकेच्या बाजारातून गेलं. गंमत म्हणजे यकृत त्यातून बनवायचं ते फेक्सोफेनाडिन आज स्वतंत्र गोळी म्हणून मिळतं.

दोष हर्ग नावाच्या चॅनेलचा, म्हणजे हृदयाच्या पेशीच्या आवरणातल्या एका वाटेचा. ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, तेव्हा पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. त्यातलं बरंचसं या वाटेनं जातं, आणि नाना तऱ्हेचे रेणू नेमके तिथेच अडकतात. मग पेशी सावरायला उशीर होतो आणि ईसीजीवर क्यूटी लांबतो.

म्हणून आधी प्रयोगशाळेत हर्ग, मग प्राणी, मग माणसं. २००५ पासून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं आहेत. निरोगी स्वयंसेवकांना नवं औषध, नुसती नकली गोळी आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देऊन तुलना करतात. मॉक्सिफ्लॉक्सासिन क्यूटी थोडा लांबवतं हे माहीतच आहे. तेवढी वाढही आम्हाला दिसली नाही, तर ‘नवं औषध निर्दोष’ या निष्कर्षाला अर्थ उरत नाही. सरासरी वाढ ५ मिलिसेकंदांच्या आसपास गेली की कान टवकारतात. ईसीजीच्या कागदावरचा सगळ्यात लहान चौकोन ४० मिलिसेकंदांचा असतो, यावरून काय मोजतोय ते कळेल. त्यात नाडीचा वेग बदलला की क्यूटीही बदलतो, म्हणून सूत्र वापरून तो नाडीनुसार दुरुस्त करावा लागतो. बॅझेटचं जुनं सूत्र वेगवान नाडीत जास्तीची दुरुस्ती करतं आणि नाडी वाढवणाऱ्या औषधावर नाहक आळ येतो. मला फ्रिडेरिशियाचं सूत्र जास्त भरवशाचं वाटतं.

मुळात क्यूटी मोजतो तो नाइलाजानं. टोर्साड इतकं विरळ, की काही हजार रुग्णांच्या चाचणीत एकदाही दिसणार नाही. पण क्यूटी म्हणजे धोका नव्हे. ॲमिओडॅरोन हे हृदयाची लय सुधारणारं औषध क्यूटी चांगलाच लांबवतं, तरी त्यानं टोर्साड क्वचित होतं. व्हेरापामिल हे हृदयाचं औषध हर्ग अडवतं, पण कॅल्शियमची वाटही अडवत असल्यानं तोल राहतो. केवळ हर्गवरून निकाल दिला, तर चांगली औषधंही सुरुवातीलाच बाद होतील. म्हणून २०१३ पासून सीपा या उपक्रमात अनेक चॅनेल एकत्र तपासून संगणकावर पेशीचं वागणं काढायची पद्धत घडवली जात आहे.

तुमच्या गोळीच्या माहितीपत्रकात क्यूटीचा उल्लेख असेल, तर ती परस्पर बंद करू नका. मात्र रक्तात पोटॅशियम कमी असेल, आधी कधी अचानक शुद्ध हरपली असेल, घरात कुणाचा तरुणपणी अकस्मात मृत्यू झाला असेल किंवा दुसरी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.