सूट होती ती हॉटेलमधून, क्वारंटाईनमधून नाही

तुम्ही विचारलंय की कोरोनात परदेशातून येणाऱ्याला घरी कोणी वारलं असेल तर क्वारंटाईनमधून सूट मिळायची हे खरं का, टेस्टचे नक्की नियम काय होते, आणि परत अशी साथ आली तर काय तयारी ठेवावी. पहिल्याच भागावर अडकलो मी. गेली कित्येक वर्षं आमच्या घरात हाच वाद चालू आहे, आणि आमचा दादा नेमकं हेच वाक्य जगभर सांगत फिरतो, "सरकारने मला सूट दिली, माझ्या सख्ख्या भावाने नाही दिली."

तर आधी एकदाचं लिहून टाकतो. सूट होती ती हॉटेलमधून, क्वारंटाईनमधून नाही. मे २०२० च्या नियमात बाहेरून येणाऱ्याला सात दिवस स्वतःच्या पैशाने हॉटेल नाहीतर सरकारी जागा आणि मग सात दिवस घरी असे चौदा दिवस होते. गरोदर बाई, घरात मृत्यू, गंभीर आजार, सोबत दहा वर्षांच्या आतलं मूल, असं काही असेल तर हॉटेल माफ. पण मग चौदाच्या चौदा दिवस घरी. माफ झालेले सात दिवस कुठे हवेत जात नव्हते, ते घरच्यांच्या डोक्यावर येत होते! ऑगस्टमध्ये अजून एक वाट उघडली, निघण्याआधी ९६ तासांच्या आतली निगेटिव्ह आरटीपीसीआर दाखवली की हॉटेल नाही. म्हणजे त्यातही फक्त हॉटेल माफ, घरी पाळायचंच.

आता आमचं काय झालं ते सांगतो. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात जुनं घर, तीन मजले आणि वर अगाशी, अगाशीला लागून एक खोली ज्यात आजोबांच्या काळापासून पापड आणि गाद्या ठेवतात. २५ ऑगस्ट २०२० ला बाबा गेले, ब्रेन हॅमरेज, कोरोना नव्हता, टेस्ट केली होती हॉस्पिटलने. त्याच आठवड्यात गणपती बसले होते, त्या वर्षी मंडळांचे मांडव नव्हतेच, सगळी गल्ली गप्प. खासवाडी स्मशानात वीस माणसांची मर्यादा, आम्ही अकरा जण होतो. दादा न्यू जर्सीला. अग्नी मी दिला.

त्याच रात्री फॉर्म. दिल्ली एअरपोर्टच्या साइटवर सूट मागायचा अर्ज विमानात बसायच्या ७२ तास आधी करायचा असा नियम, म्हणजे घरात माणूस गेल्यावर बाकीचे रडतायत आणि आपण कागद स्कॅन करतोय. कॅमस्कॅनर सरकारने जूनच्या शेवटी बंद केलं होतं बाकीच्या चिनी ॲप्सबरोबर, म्हणून आमच्या चिरंजीवांनी गादीवर पांढरी चादर टाकून हॉस्पिटलचा दाखला आणि स्मशानाची पावती यांचे फोटो काढले, फोटोच्या कोपऱ्यात चादरीवरची फुलं दिसतायत. दादाने तिकडून पासपोर्ट जोडला. टेस्ट करायला वेळच नव्हता, तिकडे तेव्हा रिपोर्ट यायला आठवडा लागत होता कधीकधी, म्हणून मृत्यूच्या कारणाने सूट मागितली. मंजूर झाली. मला खरंच बरं वाटलं, नाव ठेवायला जागा नाही त्यात.

२९ च्या रात्री दिल्ली, ३० ला सकाळी बडोदा. हरणी एअरपोर्टला मी गाडी घेऊन गेलो. फेस शील्ड कपाळावर सरकवलेली, दाढी वाढलेली, हाताच्या पाठीवर शिक्का, त्यावर १२ सप्टेंबरची तारीख. दादाने मिठी मारायला दोन्ही हात पुढे केले आणि मी दोन पावलं मागे गेलो. बस, इथूनच सुरू झालं सगळं. गाडीत तो मागे तिरका बसला, चारी काचा खाली, पाऊस आत येतोय, आणि दोघं भाऊ घरापर्यंत एक शब्द बोललो नाही.

घरी आई होती, ७२ वर्षांची, डायबिटीस आणि दमा. दादाला वाटलं होतं आंघोळ करून, कपडे बदलून आईजवळ बसायचं. मी म्हटलं वर जा. अगाशीवरच्या खोलीत गाद्या हलवून पलंग लावला होता, नवीन बादली, पंखा, प्लगपॉइंट, मोबाईलला रेंज येईल अशी खुर्ची खिडकीशी, संडास अगाशीवर होताच, तो फक्त त्याच्यासाठी. जिन्याच्या शेवटच्या वळणावर एक लाकडी स्टूल. ताट तिथे ठेवायचं, मी खाली उतरलो की दादाने घ्यायचं, जेवून स्वतः धुऊन परत तिथेच ठेवायचं. झालं की तो स्टीलचा पेला कठड्यावर दोनदा वाजवायचा. सुतकात देवघरातली घंटा बंद, आणि वरून तो पेला. आई खालून विचारायची, "भात घेतला का रे परत?" तो वरून सांगायचा, "घेतला." घेतलेला नसायचा, ताट मीच आणायचो ना.

त्याचा मुद्दा असा की अमेरिकेत सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, परवाच, म्हणजे ऑगस्टमध्येच, बाहेरून आलेल्यांनी चौदा दिवस थांबावं ही शिफारस काढून टाकलीय, तुम्ही लोक कुठल्या जमान्यात आहात. (त्याच अमेरिकेने जानेवारी २०२१ पासून विमानात चढायच्या आधी निगेटिव्ह रिपोर्ट मागायला सुरुवात केली आणि जून २०२२ पर्यंत मागत होते, तेव्हा मी त्याला बातमी पाठवली होती, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.) माझा मुद्दा एवढाच की अंगात विषाणू शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात, म्हणून चौदा, हा आकडा माझ्या बायकोने काढलेला नाही. विमानात बारा-चौदा तास, मग दिल्लीची लाइन, मग दुसरं विमान. आणि खाली दम्याचं माणूस.

काका बाबाजीपुऱ्यातून आले, म्हणाले, "अरे पोटचा मुलगा आहे, बापाचं कार्य आहे, दहाव्याला मोठ्याला बसू दे, सरकारची परवानगी आहे ना त्याच्याकडे." परत तेच! कागद मी वाचला होता, काकांनी नाही, दादाने वाचला होता का ते त्यालाच माहीत.

दहावा ३ सप्टेंबरला. एरवी आम्ही चांदोदला जातो, पण ऑगस्टच्या शेवटी धरणातून पाणी सोडलेलं, नर्मदेला पूर, घाटाच्या पायऱ्या पाण्यात. गुरुजी म्हणाले घरीच करू, पिंड अगाशीवर ठेवू. म्हणजे पिंड दादाच्या दारात. आम्ही सहा जण वर, मास्क लावून, दादा खोलीच्या जाळीच्या दाराआड धोतर नेसून उभा, मी केळीच्या पानावर पिंड कठड्याजवळ ठेवला आणि सगळे मागे सरकलो. कावळा येईना. वीस मिनिटं, अर्धा तास. समोरच्या टाकीवर दोन बसले होते, बघतही नव्हते. मी हात जोडून म्हटलं आईला सांभाळेन, नाही आला. दुकान नीट चालवेन, नाही. आत्या म्हणाली वहिनीमुलांना बोलावू पुढच्या वर्षी, नाही. मग काका सगळ्यांच्या समोर म्हणाले, "म्हण की मोठ्याला खाली घेतो." सगळे माझ्याकडे बघतायत. जाळीच्या आतून दादासुद्धा. मी नाही म्हटलं. म्हणजे तोंडाने काहीच बोललो नाही, पण नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हापासून दादाचं ठरलेलं, बाबांच्या पिंडाला कावळा शिवला नाही तो तुझ्यामुळे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मंडळातल्या लोकांनासुद्धा हे माहीत आहे, एकदा तिथल्या एका अनोळखी बाईंनी मला फोनवर विचारलं होतं! अहो, पितृपंधरवडा नुकताच लागला होता. गल्लीत प्रत्येक अगाशीवर खीर-पुरी वाढलेली, बडोद्यातल्या कावळ्यांना त्या पंधरा दिवसांत भूक लागते का कधी? हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं पण दहाव्याच्या दिवशी असले विनोद सुचत नाहीत.

चौदा दिवसांत ताप नाही, खोकला नाही. म्हणून त्याचं दुसरं वाक्य, "काय झालं मला? काहीच नाही ना?" हे म्हणजे रस्ता क्रॉस करताना गाडी आली नाही म्हणून दोन्हीकडे बघायची गरजच नव्हती असं झालं. आणि हे क्वारंटाईन पाळून घेणारं होतं कोण? आरोग्य खात्याची एक ताई एकदा येऊन ओटल्यावरून नाव लिहून गेली, दोनदा फोन आला. बाकी सगळं पोलीस खातं मीच. सरकारने कागदावर होम क्वारंटाईन लिहिलं आणि त्या होममधल्या एका माणसाला व्हिलन करून टाकलं. ज्या घरात कोणी व्हिलन व्हायला तयार नव्हता तिथे पाहुणा दुसऱ्या दिवशी शेव-उसळ खायला बाहेर. पाहिलेत मी असे, हातावर शिक्का आणि शर्टाची बाही खाली ओढलेली.

एक कबूल करतो. तेराव्याच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो तर आईची गादी रिकामी. जिन्यातून वर बघितलं तर ती त्या वळणावर, ताटाच्या स्टुलावर बसलेली, मास्क हनुवटीवर, आणि दादा चार पायऱ्या वर. बाबांच्या जुन्या लॅम्ब्रेटाचं काहीतरी बोलत होते, दादा हसला पण मध्येच. मी परत जाऊन झोपलो. दादाला वाटतं मला माहीत नाही. चार पायऱ्या म्हणजे सहा फूट होतात का, मी सकाळी टेप लावून मोजलं होतं, नाही होत.

१४ सप्टेंबरला अस्थी घेऊन दोघं चांदोदला गेलो, पाणी उतरलं होतं, पायऱ्यांवर गाळ. होडीत शेजारी बसलो.

बरं, तुमचं उरलेलं. हे सगळे नियम २०२० चे, नंतर दर काही महिन्यांनी बदलत गेले. फेब्रुवारी २०२१ पासून ७२ तासांतला निगेटिव्ह रिपोर्ट सगळ्यांना, फक्त घरी मृत्यू असेल तर रिपोर्टशिवाय येता यायचं, आणि यूके, युरोप, आखाती देशांतून आलेल्यांची उतरल्यावर परत टेस्ट, पैसे आपले. १ डिसेंबर २०२१ पासून ओमिक्रॉनमुळे धोक्याच्या यादीतल्या देशांतून आलात तर एअरपोर्टवरच टेस्ट, रिपोर्ट येईपर्यंत बाहेर पडायचं नाही, निगेटिव्ह आलात तरी सात दिवस घरी आणि आठव्या दिवशी परत टेस्ट. ११ जानेवारी २०२२ पासून ते सात दिवस सगळ्याच देशांना लागले आणि १४ फेब्रुवारीला गेले, त्यानंतर बऱ्याच देशांतून आलेल्यांना दोन डोसचं सर्टिफिकेट रिपोर्टऐवजी चालायला लागलं. २७ मार्च २०२२ ला नेहमीची परदेशी विमानं परत सुरू, एअर सुविधाचा, म्हणजे येणाऱ्यांनी आधी ऑनलाइन भरायचा तो फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद. मध्ये जानेवारी २०२३ ला चीन, हाँगकाँग, जपान, कोरिया, सिंगापूर, थायलंडवाल्यांना परत रिपोर्ट लागला होता, तो दीडेक महिन्यात काढला. राज्यांचे नियम वेगळे होते, मुंबईत उतरणाऱ्याला आणि अहमदाबादला उतरणाऱ्याला एकाच आठवड्यात वेगळा अनुभव यायचा, त्यामुळे कोणी "आमच्या वेळी तर असं नव्हतं" म्हणालं तर तोही खोटं बोलत नसेल. आणि मी डॉक्टर नाही, मी सायकलच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो.

तयारी म्हणाल तर पासपोर्ट आणि आईवडिलांशी नातं दाखवणारा एक कागद स्कॅन करून दोन्हीकडच्या फोनमध्ये ठेवा, रात्री दोन वाजता जन्मदाखला सापडत नाही. संडास-बाथरूम वेगळं असलेली खोली घरात आहे का बघून ठेवा, नसेल तर हॉटेलच बरं, मृत्यू असला तरी, खरंच. आणि सूट मंजूर झाली की ती मंजुरी छापून घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, काकांना आधी.

आमची छापील प्रत दादा जाताना अगाशीवरच्या खोलीत गादीखाली विसरून गेला होता, पापड वाळवताना बायकोला सापडली. दुकानाच्या फाईलमध्ये लावून ठेवलीय. होम क्वारंटाईन, चौदा दिवस, स्पष्ट लिहिलंय. दादा दिवाळीला येतोय, फाईल गल्ल्याच्या खालच्या खणात आहे.