‘कुल्तेरानिस्मो’ म्हणजे संस्कृतिवाद नव्हे

प्रश्न : आमच्या स्पॅनिशच्या वर्गात सतराव्या शतकातली कविता सुरू झाली आहे. गोन्गोराच्या काव्यपंथाला ‘कुल्तेरानिस्मो’ आणि केवेदोच्या पंथाला ‘कोन्सेप्तिस्मो’ म्हणतात. मिळालेल्या मराठी टिपणात त्यांना ‘संस्कृतिवाद’ आणि ‘संकल्पनावाद’ असे प्रतिशब्द दिले आहेत. ते बरोबर आहेत का? नसतील तर काय म्हणावं? आणि उच्चार क्वेवेदो की केवेदो?

उत्तर : केवेदो. दोन्ही प्रतिशब्द चूक.

‘संस्कृतिवाद’ हा शब्द या वर्षात मी तिसऱ्यांदा ऐकतो आहे. एकदा एका व्याख्यानात, एकदा एका लेखात आणि आता तुमच्या टिपणात. चूक कशी झाली ते उघड आहे. कुणीतरी ‘कुल्त’ पाहिलं, त्याला इंग्रजी ‘कल्चर’ आठवलं, शेवटी ‘इस्मो’ दिसलं म्हणून ‘वाद’ जोडला आणि काम संपलं. मधल्या ‘एरान’चं काय झालं, हे कुणी विचारलंच नाही. सगळी गंमत त्या तीन अक्षरांत आहे.

‘कुल्तो’ म्हणजे शिकलासवरलेला, व्युत्पन्न. त्याला सरळ ‘इस्मो’ लावला तर ‘कुल्तिस्मो’ होतो, आणि तो शब्द स्पॅनिशमध्ये आहेही. लॅटिनमधून जसाच्या तसा उचललेल्या भारदस्त शब्दाला तो वापरतात. म्हणजे ‘एरान’ व्याकरणाच्या गरजेतून आलेला नाही. तो आला ‘लुतेरानो’मधून. लुतेरानो म्हणजे ल्यूथरचा अनुयायी. कुल्तो अधिक लुतेरानो, मिळून कुल्तेरानो. स्पॅनिश अकादमीचा कोशही हा शब्द ‘लुतेरानो’च्या धर्तीवर घडल्याचं नोंदवतो. त्या काळचा नाटककार आणि कवी लोपे दे व्हेगा याच्या सांगण्यानुसार हे नाव पहिल्यांदा बार्तोलोमे हिमेनेस पातोन या वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षकाने ठेवलं.

आता काळ बघा. १५५९ साली वायादोलिद आणि सेव्हिया या शहरांत ल्यूथरपंथी ठरवलेल्या माणसांना इन्क्विझिशनने भर चौकात शिक्षा सुनावल्या आणि कित्येकांना जाळलं. (गोव्यामुळे ‘इन्क्विझिशन’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. गोव्यातलं न्यायासन १५६० चं, पोर्तुगिजांचं.) लुइस दे गोन्गोराचा जन्म १५६१ चा, कोर्दोबाचा. तो तिथल्या कॅथीड्रलमध्ये पदावर होता आणि पुढे राजाचा धर्मगुरूही झाला. अशा माणसाच्या कवितेला लुतेरानोशी यमक जुळणारं नाव देणं म्हणजे ‘तू कवितेतला धर्मबुडवा आहेस’ असं तोंडावर सांगणं होतं. हे वाङ्मयीन पंथाचं नाव नाही, शिवी आहे. स्वतःला कुल्तेरानो म्हणवून घेत त्या लोकांनी जाहीरनामा काढला नव्हता. ‘वाद’ हा शब्द इथे बसत नाही तो यामुळेच. वाद म्हटला की मांडणारे लागतात, त्याचे पाईक लागतात. इथे होते ते फक्त आरोप करणारे.

काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की, ही केवळ यमकाची गंमत होती, तिच्यात धर्म शोधू नये. मला हे अजिबात पटत नाही. हुआन दे हाउरेगीने गोन्गोराच्या ‘सोलेदादेस’ या दीर्घकाव्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रकाला नाव काय दिलं? ‘सोलेदादेसच्या रोगट कवितेवरचा उतारा’. साथ, संसर्ग, उतारा ही त्या काळी पाखंडाबद्दल बोलण्याचीच भाषा होती. फ्रान्सिस्को कास्कालेसने या कवितेला ‘सेक्ता’ म्हटलं, म्हणजे पंथ, आणि तोही वाईट अर्थाने. केवेदोच्या नावावरचं एक सुनीत सुरूच होतं ते असं : ‘माझ्या कवितांना मी डुकराची चरबी चोपडून ठेवीन, म्हणजे गोन्गोरुल्या, तू त्यांना चावणार नाहीस.’ याचा अर्थ त्या काळच्या कुठल्याही वाचकाला लगेच कळत असे. डुक्कर न खाणारा, म्हणजे ज्यू रक्ताचा, म्हणजे खोटा ख्रिस्ती. गोन्गोरा १६२७ मध्ये वारला, त्याच वर्षी निघालेला त्याच्या कवितांचा संग्रह इन्क्विझिशनने पुढच्याच वर्षी बाजारातून काढून घ्यायला लावला. एवढं सगळं आजूबाजूला चाललेलं असताना ‘लुतेरानो’ मात्र निव्वळ यमकासाठी आला, असं म्हणणारे शब्दकोश वाचतात, माणसं वाचत नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ‘फुरोगामी’ घ्या. तुमची मतं कुठलीही असोत, हा शब्द तुम्हाला माहीत आहे. उद्या एखाद्या स्पॅनिश भाषांतरकाराने त्याचं भाषांतर ‘प्रगतिवादी’ असं केलं, तर तुम्ही काय म्हणाल? ‘फ’ कुठे गेला, असंच विचाराल. ‘संस्कृतिवाद’मध्ये नेमका तो ‘फ’ गळला आहे.

मग प्रतिशब्द काय? मी बरीच वर्षं या शब्दावर विचार करतो आहे आणि माझं उत्तर आहे : ‘पाखंडित’. पाखंड आणि पंडित. दोन्हींतला ‘ंड’ एकमेकांवर चपखल बसतो, कुठेही सांधा दिसत नाही, आणि कानावर पडताक्षणी शिवी आहे हे कळतं. कुल्तेरानो म्हणजे पाखंडित कवी, कुल्तेरानिस्मो म्हणजे पाखंडिती. एका प्राध्यापकांनी मला सांगितलं की, ‘पाखंडी’चा अर्थ मराठीत ‘ढोंगी’ असा झाला आहे, म्हणून हा शब्द चालणार नाही. चालेल, आणि त्याच कारणाने चालेल. ‘पाखंड’चं मूळ ‘पाषंड’. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘सव पासंडानि’ येतं, राजा सगळ्या पाषंडांचा आदर करतो असं तिथे कोरलं आहे. पाषंड म्हणजे तिथे फक्त पंथ, कुठलाही. पुढे तोच शब्द वेदबाह्यांसाठी आला, मग नास्तिकांसाठी. तुकोबांच्या अभंगांतले ‘पाखांडी’ येईपर्यंत त्यात आदराचा मागमूस उरला नव्हता. पंथाचं साधं नाव बोट दाखवायचा शब्द झालं. कास्कालेसच्या ‘सेक्ता’चीही हीच गत. लॅटिनमध्ये ‘सेक्ता’ म्हणजे कुणाच्या तरी मागून जाणं, एवढंच. चर्चच्या तोंडी तो पाखंड झाला. दोन भाषांत एकच गोष्ट एकाच वळणाने गेली असताना आपण ‘संस्कृतिवाद’ कशाला शिवत बसायचं?

‘पंडिती काव्य’ का नको, असंही विचारतात. वामन पंडित, मोरोपंत यांच्या काव्यासाठी तो शब्द पक्का आहे आणि तो गौरवाने वापरला जातो. गोन्गोराला तो लावला तर वाचकाला तो आर्या रचणारा गृहस्थ वाटेल. साम्य आहे ते संस्कृतप्रचुर आणि लॅटिनप्रचुर शब्दांपुरतंच.

शब्दांवरून आठवलं. केवेदोने १६३१ मध्ये छापलेली एक पाककृती आहे : एका दिवसात ‘सोलेदादेस’ कशी बनवावीत. पहिल्याच ओळींत तो गोन्गोराच्या वाक्यरचनेची चेष्टा करतो. न कळणाऱ्या बोलीला स्पॅनिशमध्ये ‘हेरिगोन्सा’ म्हणतात. केवेदो त्या शब्दाचे दोन तुकडे करतो आणि मध्ये क्रियापद घुसवतो : ‘ला हेरि आप्रेन्देरा गोन्सा’. मराठीत आणायचं तर ‘एका दिवसात पंडित व्हायचं असेल, त्याने बड शिकावी बड पुढीलप्रमाणे’. गोन्गोरा विशेषण एका टोकाला आणि नाम दुसऱ्या टोकाला ठेवत असे, त्यावर हा टोला. त्यानंतर तो जड शब्दांची यादी देतो : फुल्गोरेस, आर्रोगार, होवेन, प्रेसिएन्ते, कान्दोर, कोन्स्त्रुये…

त्यातला ‘होवेन’ पाहा. होवेन म्हणजे तरुण. केवेदोच्या मते साधा माणूस ‘मोसो’ म्हणतो, ‘होवेन’ हा लॅटिनमधून ओढून आणलेला फुगीर शब्द. आज ‘होवेन’शिवाय स्पॅनिश बोलता येत नाही. मेक्सिकोत खानावळीतल्या वाढप्याला हाक मारायची तरी ‘होवेन!’ म्हणतात. ‘कोन्स्त्रुये’ म्हणजे ‘बांधतो’, तो गवंड्याच्या तोंडी आहे. लॅटिन ‘युवेनिस’मधून आलेला हा ‘होवेन’ आपल्या ‘युवन्’चा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे केवेदो ज्या शब्दाला हसला, तो आपण ‘युवा’ म्हणून रोज वापरतो. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ यांचंही आपल्याकडे असंच झालं. हसणारे गेले, शब्द राहिले.

हे मी अशासाठी सांगतो की, टिपणं गोन्गोराला अजून केवेदोच्या डोळ्यांनी बघतात. एकोणिसाव्या शतकात मेनेन्देस पेलायोसारख्या मोठ्या पंडिताने ‘सोलेदादेस’ आतून पोकळ ठरवलं आणि पिढ्यान् पिढ्या तेच शिकवलं गेलं. दोन गोन्गोरा होते म्हणे, एक सोप्या गाण्यांचा, उजेडातला, आणि दुसरा अंधारातला. ही फोड मुळातच चुकीची आहे. कवी आणि समीक्षक दामासो आलोन्सोने दोन्ही काळांतल्या कविता ओळीओळीने तपासून दाखवलं की, तीच लकब आधीही आहे, नंतरही आहे. फक्त दाट होत गेली आहे. १९२७ मध्ये गोन्गोराच्या मृत्यूला तीनशे वर्षं झाली, तेव्हा लोर्का, आल्बेर्ती, हेरार्दो दिएगो, गियेन, आलोन्सो ही तरुण मंडळी सेव्हियात जमली आणि त्यांच्या पिढीला ‘सत्तावीसची पिढी’ हे नाव त्या वर्षावरून पडलं. शिवी दिलेल्या कवीच्या पुण्यतिथीवरून विसाव्या शतकातल्या स्पॅनिश कवितेची सर्वांत गुणी पिढी ओळखली जाते.

आता ‘कोन्सेप्तिस्मो’. ‘कोन्सेप्तो’ म्हणजे संकल्पना नव्हे. दोन लांबच्या वस्तूंमधलं नातं एका झटक्यात पकडणारी उक्ती, तिला त्या काळी कोन्सेप्तो म्हणत. बाल्तासार ग्रासियान या त्या काळच्या गद्यलेखकाने १६४८ च्या ग्रंथात याचंच शास्त्र मांडलं, आणि गुणाचं नाव दिलं ‘आगुदेसा’, म्हणजे टोकदारपणा. मराठीत यासाठी तयार शब्द आहे : कोटी. संस्कृत ‘कोटि’ म्हणजे धनुष्याचं टोक. टोकाला टोक मिळालं. तेव्हा कोन्सेप्तिस्ता म्हणजे कोटिबाज आणि कोन्सेप्तिस्मो म्हणजे कोटिबाजी. शिवाय ही दोन पंथांची जोडी नंतरच्या समीक्षकांनी लावलेली आहे. ग्रासियानने आपल्या या ग्रंथात गोन्गोराच्या ओळी भरभरून उद्धृत केल्या आहेत. पाखंडित कवी स्वतःच अव्वल दर्जाचा कोटिबाज होता, तेव्हा दोघांना समोरासमोर उभं करू नका.

शेवटी ‘कुल्तो’कडे परत येतो, कारण त्याचं मूळ अजून सांगितलं नाही. लॅटिन ‘कोलेरे’. जमीन कसणं, एखाद्या ठिकाणी राहणं आणि देवाची पूजा करणं, हे तिन्ही अर्थ त्याच क्रियापदात आहेत. आणि हा धातू आपला ‘चर्’ आहे. ‘चरति’, ‘आचार’, ‘परिचर्या’ यांतला. फिरणं, फिरता फिरता एखाद्या गोष्टीची काळजी वाहणं, ती आपल्या आचरणात येणं, हा प्रवास दोन्हीकडे झाला. पण मराठीत ‘चर्’ने आणखी एक वाट धरली : गुरं चरतात.

आता ‘सोलेदादेस’च्या पहिल्या ओळी वाचा. वर्षातला फुलांचा ऋतू आहे, आणि युरोपेला पळवणारा तो तोतया (बैलाचं रूप घेतलेला झ्यूस, म्हणजेच आकाशातली वृषभ रास), कपाळावरची शस्त्रं अर्धचंद्राची, अंगावरचे केस सगळे सूर्यकिरणांचे, ‘एन काम्पोस दे साफिरो पासे एस्त्रेयास’. साफिरो म्हणजे नीलमणी. नीलमण्यांच्या कुरणांत तो काय करतो? ‘पासे’ हे क्रियापद इथे सकर्मक आहे आणि त्याचं कर्म आहे ‘तारे’. इतर भाषांतले भाषांतरकार इथे अडखळतात, ‘ताऱ्यांमध्ये चरतो’, ‘ताऱ्यांवर पोसतो’ असं काहीतरी करून सुटका करून घेतात. मराठीला अशी पळवाट लागत नाही. आपला बैल गवत चरतो, गवतात चरत नाही. गोन्गोराची ओळ मराठीत एकही अक्षर न हलवता येते, आणि येते ती ‘कुल्तो’च्याच धातूवर. तुमच्या टिपणात ‘ताऱ्यांत विहार करतो’ असं काही असेल, तर ते आजच खोडा. तो बैल तारे चरतो.