भीमाशंकरच्या जंगलात झाडांचं सर्वेक्षण: शिखरं आधी की धार?

भीमाशंकर अभयारण्यात झाडांची नोंद करायची आहे, तर आधी एकेक शिखर गाठावं की धारेधारेने, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या लांब कण्यावरून जावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर शिखरांची यादी बाजूला ठेवा आणि पदर, म्हणजे कड्याच्या पायथ्याची सपाटी, गाठा.

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालाय. घट्ट थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याची उतरण आणि सपाटी होते. वरून वाहून आलेली माती या सपाटीवर थांबते, खडकात मुरलेलं पाणी इथेच पाझरतं. त्यामुळे खरं दाट रान कड्याच्या पायथ्याशी, पदरात सापडतं. खांडसहून गणेश घाटाने चढताना हे स्पष्ट दिसतं. पदरगड अशाच पदरात उभा आहे. नागफणी शिखराच्या माथ्यावर मात्र माती पातळ आणि वारा सणसणीत, त्यामुळे तिथली झाडं खुजी राहतात. नुसते माथे पालथे घातलेत तर कागदावर जंगल आहे त्यापेक्षा गरीब दिसेल, आणि तो त्या जंगलावर अन्याय होईल.

धार लागते ती मोजणीची रेषा आखायला. धारेवर उभं राहा, एक रेषा कोकणाकडे आणि एक भीमेच्या खोऱ्याकडे उतरवा. ठरावीक उंची उतरली की थांबून नोंद घ्या. पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि तो फरक झाडांत उतरलेला दिसतो. नकाशावर फार विसंबू नका. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने असतात, म्हणजे १५ मीटरचा कडा दोन रेषांमध्ये सहज लपतो.

बुंध्याचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा, तोही उताराच्या वरच्या अंगाला उभं राहून. अंजनी या झाडापाशी वेळ जातो. तिला बुडापासूनच तीन-चार फाटे असतात. प्रत्येक फाटा वेगळा मोजून एकाच क्रमांकाखाली लिहा. टेप आवळण्याआधी सालीवरच्या शेवाळावरून हात फिरवून बघा, नाहीतर शेवाळाची जाडीही घेरात धरली जाते. फुलांवरून खात्री करायची असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, तेव्हा अंजनीच्या फांद्या निळ्या झालेल्या असतात. मान वर करायलाही विसरू नका: उंच बेचक्यातला काटक्या-पानांचा गोळा म्हणजे शेकरूचं घरटं. ते कोणत्या झाडावर आहे हे लिहिलंत तर तुमच्या नोंदीचं मोल वाढेल.

वनखात्याच्या वन्यजीव विभागाची लेखी परवानगी आधी काढा. तिच्याशिवाय एक फांदीही तोडता येणार नाही. सोबत गावातलं माणूस हवंच, आणि त्याला मजुरी नीट द्या. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करणाऱ्या महादेव कोळी बायाबापड्यांना कुठली नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, खालपर्यंत उतरते आणि कुठली मध्येच तुटते हे पाठ असतं. आहुपे गावाकडच्या देवरायांत तर गावाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि नाही म्हणाले तर ते माना.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा: कड्यांच्या कपारींना आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, मोठ्याने बोलू नका. रेषा बरोबर मोहोळाखालून जात असेल तर बिनदिक्कत वळवा, आणि का वळवली ते वहीत त्याच जागी लिहा.