दांडी उभी राहते, पण गाडी पळते!

प्रश्न: सर, आमचा इन्व्हर्टेड पेंड्युलम (मोटरने सरकणाऱ्या गाडीवर उलटी उभी तोलायची दांडी) जरा वेळ उभा राहतो, मग मोटर खडखडते आणि गाडी सरकत सरकत टोकाला आदळते, पीआयडीचे (चूक बघून मोटरला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरचे) आकडे बदलून बदलून वैतागलोय. – एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर: अगं, ६०० पल्सचा एन्कोडर (दांडीचा कोन मोजणारा सेन्सर) असेल तर सिग्नलच्या चारही एज, म्हणजे चढ-उतार, मोजून फेरीला २४०० काउंट, म्हणजे एक काउंट ०.१५ अंशाचा, आणि लूप (कंट्रोलरची मोजून हुकूम देण्याची एक फेरी) ५ मिलिसेकंदाचा असला की तेवढ्यानेच वेग सेकंदाला ३० अंश दिसतो, डी टर्म (पीआयडीचा बदलाच्या वेगावर चालणारा भाग) तोच फुगवतो, म्हणून खडखड! लो-पास फिल्टर (झटपट चढ-उतार गाळणारा) लावा, पण बेताचा, उशीर झाला की दांडी पडते. गाडी पळते कारण तुम्ही नुसता कोन सांभाळताय, गाडी कुठंय हे कंट्रोलरला माहीतच नाही, तिची पोझिशन आणि वेगही फीडबॅकमध्ये घ्या. आणि गाडी ओढणारा पट्टा ढिला असेल तर तो आधी ताणा.