महसुली खर्च म्हणजे महसूल खात्याचा खर्च का?

प्रश्न असा आलाय: "राज्याचा महसुली खर्च वाढला, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या पुढे, अशी बातमी वाचली. महसूल म्हणजे तर उत्पन्न ना, मग उत्पन्नाचा खर्च ही काय भानगड आहे? की तलाठी-तहसीलदार वगैरे महसूल खात्यावर होणारा खर्च? आणि महसुली लिहायचं की महसूली?"

गोंधळ होणं अगदी साहजिक आहे, कारण आपल्याकडे महसूल हा एकच शब्द तीन ठिकाणी राबतो. गावात महसूल म्हणजे शेतसारा. ऑफिसात महसूल म्हणजे तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंतचं अख्खं खातं. आणि अर्थसंकल्पात महसूल म्हणजे सरकारची नेहमीची सगळी जमा: जीएसटी, मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, केंद्राकडून येणारा करांचा वाटा, अनुदानं, सगळं त्यात आलं. एके काळी जमीन महसूल हाच सरकारच्या कमाईचा मोठा भाग होता म्हणून एकच शब्द पुरत होता, आता शेतसारा नावापुरता उरलाय पण शब्द मात्र सगळीकडे तसाच राहिलाय.

मूळ शब्द अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. ह-स-ल हा धातू, अर्थ हाती येणं, मिळणं. महसूल म्हणजे जे हाती आलं ते. तहसील म्हणजे ते गोळा करणं, त्यावरून तहसीलदार. आणि "यात काय हाशील?" असं आपण विचारतो तो हाशीलही याच घरचा. वसूल मात्र यातला नाही हां, ऐकायला जवळचा वाटला तरी त्याचा धातू वेगळा, पोचणं या अर्थाचा. खर्चसुद्धा अरबी-फारसीच, ख-र-ज म्हणजे बाहेर पडणं, खारीज त्याचाच भाऊ. म्हणजे महसूल हाती येतो आणि खर्च हातातून बाहेर जातो, दोन्ही शब्द आपापल्या जागी एकदम चोख आहेत, घोळ होतो तो दोघांना एकत्र बांधल्यावर.

तर महसुली खर्च म्हणजे काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ मध्ये केंद्रासाठी आणि २०२ मध्ये राज्यांसाठी सांगितलंय की वार्षिक वित्तीय विवरणपत्रात, म्हणजे अर्थसंकल्पात, महसुली लेख्यावरचा खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवायचा. म्हणजे पूर्ण शब्दप्रयोग "महसुली लेख्यावरचा खर्च" असा आहे, बोलता बोलता मधला लेखा, म्हणजे हिशेब, गळाला, "पुरण भरलेली पोळी" मधलं "भरलेली" गळून पुरणपोळी होते तसा. तो मनात परत घालून वाचलं की कोडं सुटतं. महसुली हे विशेषण खर्च कोणी केला ते सांगत नाही, तो हिशेबाच्या कुठल्या वहीत लिहिला ते सांगतं. पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, औषधं, शाळांचा चालू खर्च, ज्यातून सरकारच्या स्वतःच्या मालकीची नवी मत्ता, म्हणजे मालमत्ता, उभी राहत नाही ते सगळं महसुली. धरण, पूल, इमारत, यंत्रसामग्री, सरकारने दिलेली कर्जं आणि घेतलेलं भागभांडवल हे भांडवली.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकातली लेखाशीर्षं, म्हणजे जमा-खर्चाचे ठरलेले कप्पे, बघा, जिल्हा परिषदेत ज्यांचं उठणं-बसणं आहे त्यांना हे आकडे तोंडपाठ असतात. चार अंकी नंबर असतो. पहिला अंक ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली खर्च, ६-७ म्हणजे कर्जाचे व्यवहार आणि ८ म्हणजे मुख्यतः लोकलेखा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीसारखा सरकारकडे सांभाळायला असलेला पैसा. शेवटचे तीन अंक विषयाचे. ०२१० म्हणजे वैद्यकीय सेवांमधून आलेली जमा, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्यावरचा महसुली खर्च, ४२१० म्हणजे त्याच विषयावरचा भांडवली खर्च. रस्त्यांसाठी "तीस चोपन्न" आणि "पन्नास चोपन्न" हे तर गावच्या सरपंचालाही माहीत असतात: ३०५४ आणि ५०५४, दोन्ही रस्ते व पूल, पण देखभाल-दुरुस्ती साधारणपणे पहिल्यातून आणि नवं बांधकाम दुसऱ्यातून. डांबर तेच, खडी तीच, हेड वेगळं. आणि तुम्ही विचारलेला महसूल खात्याचा खर्च? जमीन महसुलाचं शीर्ष २०२९. तोही महसुली खर्चच आहे, पण त्या भल्यामोठ्या ढिगातला एक लहानसा भाग.

आता तुमच्या बातमीतला आकडा. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी धरली होती आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, वजाबाकी केली की ४५,८९१ कोटी, ही महसुली तूट. म्हणजे रोजचं घर चालवायलाच तेवढे कमी पडतात. त्याच अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी दाखवलीय, ती वेगळी, ती महसुली आणि भांडवली सगळा खर्च धरून कर्ज सोडून बाकी जमेतून न भागणारी रक्कम, थोडक्यात सरकारला वर्षभरात उभं करावं लागणारं कर्ज. पेपरात याच तुटीला कधी वित्तीय तूट म्हणतात, कधी राजकोषीय, दोन्ही एकच. पण महसुली आणि राजकोषीय यांची अदलाबदल होते तेव्हा मात्र अर्थाचा अनर्थ होतो, आणि ती बऱ्याचदा होते, अगदी मोठ्या मथळ्यातसुद्धा.

मला खरं बोलायचंय ते पुढचं. गेल्या काही वर्षांत महसुली हा शब्द हळूहळू शिवीसारखा झालाय. भांडवली खर्च म्हणजे विकास, महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, असं समीकरण चर्चांमध्ये, अग्रलेखांमध्ये सर्रास दिसतं. हा शब्दावर अन्याय आहे आणि त्यातून विचारही वाकडा होतो. ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत भांडवली, आणि तिच्यात रात्री दोन वाजता बाळंतपण करणाऱ्या नर्सचा पगार महसुली. इमारत उभी आहे, फीत कापून झालीय, पण पदं भरलेली नाहीत, अशी दवाखान्यांची उदाहरणं प्रत्येकाला आपापल्या तालुक्यात सापडतील. तिथे भांडवली खर्च झालाय आणि उपयोग शून्य, कारण महसुली खर्च झालेला नाही. शाळेचंही तेच, वर्गखोली ४२०२ मधून आणि शिक्षक २२०२ मधून, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

हेच पूर्वी योजनेतर, म्हणजे पंचवार्षिक योजनांबाहेरचा खर्च, या शब्दाचं झालं होतं. योजना खर्च चांगला आणि योजनेतर वाईट असा समज इतका पक्का बसला की नव्या योजना काढायच्या आणि जुन्या धरणांची, रस्त्यांची देखभाल योजनेतर म्हणून उपाशी ठेवायची अशी सवयच लागली. सरकारी खर्चाच्या व्यवस्थापनावर नेमलेल्या रंगराजन समितीने २०११ मध्ये हा भेद काढून टाका म्हणून सांगितलं आणि २०१७-१८ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पातून तो गेला. आता सगळा भार महसुली-भांडवली या जोडीवर आलाय, आणि तोच शिक्का नव्या जागी बसतोय.

दुसऱ्या बाजूनेही बोललं पाहिजे. भांडवली खर्चाचं वजन अर्थव्यवस्थेत जास्त पडतं हे खरं आहे. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेच्या २०१३ च्या एका अभ्यासात सरकारच्या एक रुपया भांडवली खर्चामागे उत्पन्नात २.४५ रुपये भर पडते असा अंदाज काढला होता, आणि थेट हस्तांतरणाचा किंवा इतर महसुली खर्चाचा परिणाम एक रुपयाच्या जरा आतच. म्हणून तर केंद्राने २०१९-२० चा सुमारे ३.३६ लाख कोटींचा भांडवली खर्च २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ११.२१ लाख कोटींवर नेला. हस्तांतरण म्हणजे वृद्धापकाळाची पेन्शन, शिष्यवृत्ती, लाडकी बहीणचे महिना १५०० रुपये असल्या थेट खात्यात जाणाऱ्या रकमा. या रकमा देशाच्या उत्पन्नात सरकारी खर्च म्हणून मोजल्याच जात नाहीत, ती बाई त्या पैशांतून तेल-साखर, वह्या-पुस्तकं घेते तेव्हा ते कुटुंबाचा खर्च म्हणून मोजलं जातं. त्यामुळे "सरकारी खर्च वाढला म्हणजे तेवढी अर्थव्यवस्था वाढली" हे वाक्य जसंच्या तसं बरोबर नाही, कुठला खर्च हे आधी विचारायला हवं.

आणि खर्च वाढतो का, तर तो वाढणारच. स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प अर्थमंत्री षण्मुखम चेट्टींनी २६ नोव्हेंबर १९४७ ला मांडला, साडेसात महिन्यांचा, खर्च सुमारे १९७ कोटी आणि त्यातले ९२.७४ कोटी एकट्या संरक्षणाचे. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. रुपयाची किंमत तेव्हाची आणि आताची एक नाही त्यामुळे थेट भागाकार करून उपयोग नाही, पण तेव्हा सरकारच्या कामांच्या यादीत नसलेली किती कामं आता आहेत ते बघा. जर्मन अर्थतज्ज्ञ वॅग्नर यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवलंय की उद्योग आणि शहरं वाढली की सरकारी खर्चाचा वाटाही वाढत जातो, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा नियम पाठ असतो. मला काळजी वाटते ती वेगळ्या आकड्याची: त्या ५०.६५ लाख कोटींपैकी १२.७६ लाख कोटी नुसतं व्याज आहे, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, सगळ्या भांडवली खर्चाहूनही जास्त. व्याजही महसुली आणि नर्सचा पगारही महसुली. एक मागच्या कर्जाचं ओझं, दुसरी आजची सेवा. दोन्ही एकाच शब्दाखाली झाकून "महसुली खर्च वाढला हो" म्हणून ओरडलं की नेमकं काय वाढलं ते वाचणाऱ्याला कळतच नाही.

रोजगार हमीचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात उभी राहिलेली योजना, वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं, पुढे २००५ चा देशाचा कायदा झाला त्यामागे हाच अनुभव. या कामांतून पाझर तलाव होतात, बांधबंदिस्ती होते, विहिरी होतात, पण केंद्र त्यासाठी राज्यांना अनुदान देतं आणि मत्ता केंद्राच्या मालकीची नसते, म्हणून केंद्राच्या वहीत तो खर्च महसुली. ही अडचण ओळखून २०११-१२ पासून केंद्राने भांडवली मत्ता उभारण्यासाठी दिलेली अनुदानं वेगळी दाखवायला सुरुवात केली आणि "प्रभावी" महसुली तूट असा एक आकडा काढला. म्हणजे अर्थ खात्यालाही हा शब्द अपुरा पडतो हे मान्य आहे.

मग दुसरा शब्द वापरावा का? कोणी चालू खर्च सुचवतं, सामान्य वाचकासाठी मला तो आवडतो, बातमीत एकदा "महसुली म्हणजे चालू खर्च" असं लिहिलं तरी पुष्कळ काम होईल. आवर्ती खर्च मात्र त्याच्या जागी वापरू नका. आवर्ती म्हणजे दरवर्षी परत परत येणारा, शासन निर्णयांत आवर्ती-अनावर्ती अशी जोडी असते ती वेगळी. अतिवृष्टीत शेतकऱ्याला दिलेली मदत एकदाच दिली जाते, म्हणून अनावर्ती, पण ती २२४५ खाली जाते, म्हणजे महसुलीच.

ऱ्हस्व-दीर्घाचं सोपं आहे. महसूल मध्ये सू दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की मूळ शब्दाचं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर ऱ्हस्व होतं, त्यामुळे महसुली, महसुलात, महसुलाचा. महसूली चूक. महसूल खातं, महसूल मंत्री असे दोन शब्द शेजारी असतील तर मूळ रूप तसंच, तिथे दीर्घच ठेवा.